कॅसलरॉकची निलव्वा

निलव्वा आमच्या शेजारी राहायला आली त्या दिवशी आई तिला प्यायच्या पाण्याची कळशी द्यायला गेली होती. निलव्वानं कळशी घेतली, आईकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "बाई, तुमच्या बोरमाळेतला एक मणी दुसऱ्या सोनाराच्या हातचा हाय की."

आई गोंधळली. मग तिला आठवलं. लग्नाच्या गडबडीत माळेतला एक मणी हरवला होता आणि आजोबांनी तसाच दुसरा बार्शीच्या सोनाराकडून करवून घेतला होता. ही गोष्ट वडिलांनाही ठाऊक नव्हती. आई घरी येऊन म्हणाली, "बाईची नजर फार वाईट आहे." वडील म्हणाले, "वाईट नाही, चांगली आहे. वाईट असती तर मणी दिसलाच नसता."

मी तेव्हा बारा वर्षांची होते.

निलव्वा माणसांना चेहऱ्यानं ओळखत नसे. ती दागिन्यानं ओळखायची. "काल ती वज्रटीकवाली आली व्हती," "तोडेवालीचा ल्योक आजारी हाय," असं तिचं बोलणं. पुरुषांच्या बाबतीत तिची अडचण व्हायची. माझ्या वडिलांना ती घड्याळाच्या साखळीवरून ओळखे. साखळी दुरुस्तीला दिली तेव्हा दोन दिवस तिनं त्यांना रस्त्यात ओळख दिली नाही. वडिलांना वाटलं, आपलं काही चुकलं. ते सरकारी शाळेत गणित शिकवायचे आणि आपलं काही चुकलं असेल या कल्पनेनं त्यांना फार त्रास होई. तिसऱ्या दिवशी साखळी आली आणि "मास्तर, गावाला गेला व्हता व्हय?" असं निलव्वानं विचारलं.

माझ्या अंगावर ओळखण्यासारखं काहीच नव्हतं. मी इंग्रजी शाळेत जायची आणि तिथं बांगड्यांना, डुलांना मनाई होती. मी बोलायचीही कमी. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला कायम टाकाची शाई लागलेली असे, तेवढीच खूण. तेव्हा मी झाले शाईवाली.

ही सवय तिला नोकरीनं लावली होती. गोव्याला जाणारी गाडी लोंढ्यावरून वळते आणि घाटाच्या माथ्यावर कॅसलरॉक नावाच्या स्टेशनात थांबते. तिथं आपलं राज्य संपतं. पुढचा घाट आणि खालचा मुलूख पोर्तुगिजांचा. गाडी तीच राहते, पण प्रत्येक उतारूला सामानासकट खाली उतरावं लागतं. जकातीचे लोक पेट्या उघडतात, गाठोडी सोडतात. बाईमाणसाची झडती मात्र बाईनंच घ्यायची, असा कायदा आहे. त्यासाठी फलाटाच्या टोकाला एक लहान खोली आहे. त्या खोलीत निलव्वानं जवळजवळ बावीस वर्षं काढली. तिचा नवरा त्याच घाटात रेल्वेच्या रूळ-दुरुस्तीच्या टोळीवर होता. एका पावसाळ्यात बोगद्याच्या तोंडाशी दरड आली आणि तो गेला. माहेर सोलापूरचं, सासर दुधनीकडचं, दोन्हीकडे जायचं नव्हतं. साहेबानं विचारलं, झडतीचं काम करशील का? ती व्हय म्हणाली.

"पैल्यांदा लई लाज वाटली," ती सांगायची. "मला न्हाय, त्यांना. दुसऱ्याची लाज बगायची म्हंजी आपली कुटंतरी ठेवावी लागती. मी ती खुंटीला टांगून ठिवली."

तिची काम करण्याची रीत वेगळी होती. आलेल्या बाईला ती आधी हात लावत नसे. बाकावर बसवायची, तांब्याभर पाणी द्यायची आणि काहीबाही विचारायची. माहेर कुठलं, पोरं किती, घाटात गाडी लागली का. बोलताना बाईचा हात कुठं जातो तेवढं पाहायची. कुणाचा अंबाड्याकडे, कुणाचा कमरेकडे, कुणाचा लेकराच्या टोपड्याकडे. "तोंड खोटं बोलायला शिकतं," ती म्हणे, "हाताला कुणी शिकवत न्हाय. हात आपला मालाकडं जातो."

याचा प्रत्यय आमच्या गल्लीला एकदा आला. समोरच्या वकिलीणबाईंची नथ नाहीशी झाली आणि त्यांनी भांडी घासणाऱ्या पोचम्माला धारेवर धरलं. पोचम्मा तेलुगूत आणि मराठीत आळीपाळीनं रडत होती. निलव्वा तिथं गेली. तिनं पोचम्माकडे पाहिलंही नाही. वकिलीणबाईंनाच पाटावर बसवलं, हातात पाणी दिलं आणि म्हणाली, "रागावू नका. सकाळपासनं काय काय केलं ते सांगा." बाई सांगू लागल्या. उठले, चूल पेटवली, न्हायला गेले. न्हायला गेले म्हणताना त्यांचा हात खोप्याकडे गेला. नथ खोप्यातच खोचलेली होती. न्हाताना काढून त्यांनी स्वतःच ठेवली होती.

वकिलीणबाई पुढं महिनाभर निलव्वाशी बोलल्या नाहीत. पोचम्मा मात्र रोज जाता-जाता तिच्या दाराशी थांबायची.

कॅसलरॉकच्या गोष्टी तिला विचारून काढाव्या लागत नसत. भाकरी थापता-थापता ती सांगायची. लोणच्याची गोष्ट मला विशेष आवडायची. एक म्हातारी गोव्याहून येताना कैरीच्या लोणच्याची मोठी बरणी मांडीवर घेऊन बसली होती. पाणी दिलं तर घेईना, कारण घ्यायला हात मोकळा नव्हता. दोन्ही हात बरणीला. निलव्वानं बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात बरणीत घातला. आतून मेणकापडात गुंडाळलेली मनगटी घड्याळं निघाली. "बारा व्हती. तेल आत गेलेलं. येकबी चालंना. साहेब म्हनला, हे माल म्हून लिहू का लोणचं म्हून?"

"मग काय लिहिलं?" मी विचारलं.

"म्हातारी म्हनली, लोणचं लिवा. त्याला जकात न्हाय."

वडिलांना या गाडीबद्दल पुस्तकातली माहिती होती. संध्याकाळी ते ओट्यावर बसून सांगत. दोन सरकारांनी मिळून ही वाट काढली, सह्याद्रीचा तो कडा फोडायला हजारो मजूर लागले, तापानं कितीतरी मेले. मुरगावच्या बंदरातून मोठा व्यापार होईल अशी आशा होती. तेवढा माल काही आला नाही, पण माणसं येऊ लागली. स्वयंपाकी, आया, बँडवाले, शिंपी, सगळे याच गाडीनं वर येऊन हुबळी, पुणं, मुंबई गाठू लागले. उतार इतका की पुढं एक इंजिन आणि मागं एक, मागचं ढकलायला आणि आवरायलाही. वडील चढाचं गणित मांडू लागले की निलव्वा म्हणे, "मास्तर, तो उतार आकड्यात न्हाय समजत, पोटात समजतो."

"म्हणजे तुम्ही घाट उतरलाय?" वडिलांनी एकदा विचारलं.

"न्हाय."

"दूधसागरचा धबधबा तरी पाहिला असेल. तिथून किती जवळ."

"न्हाय की."

आम्हाला खरं वाटेना. बावीस वर्षं खालून येणारी प्रत्येक बाई त्या धबधब्याचं कौतुक करत तिच्या खोलीत शिरत होती. कुणाचे केस तुषारांनी ओले असत. स्टेशनावरचा माणूस म्हणून तिला फुकट जाता आलं असतं.

"गेले असते," निलव्वा म्हणाली, "पर येताना मला कोण तपासणार? बाई म्हून तितं मी येकटीच. मी खाली जाऊन आले आन् झडती न देता वर आले, तर उद्या दुसरीला कुटल्या तोंडानं सांगू, हात वर कर म्हून?"

हे तिनं अगदी साधेपणानं सांगितलं. पुढं शेवटच्या वर्षी तिच्या हाताखाली रोझी नावाची गोव्याची मुलगी कामाला आली. तिला सगळं शिकवून निलव्वानं नोकरी सोडली आणि सोलापूरला भावाकडे आली.

तिच्याकडे एक कागद होता. नोकरी सुटताना साहेबानं दिलेला दाखला. तो ती लुगड्याच्या घडीत ठेवायची आणि दर आठ-पंधरा दिवसांनी मला बोलवायची. "शाईवाले, वाच." मी इंग्रजीत वाचायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण तिला आधी इंग्रजीतच ऐकायचं असे, मग मराठीत. त्यात एक वाक्य होतं, या बाईच्या सबंध नोकरीत कुणाही उतारूची एकही वस्तू इकडची तिकडे झाली नाही. ते वाक्य आलं की ती चुलीतलं लाकूड मागं-पुढं करायची. मला वाटे, तिला अभिमान वाटत असावा आणि तो दिसू नये म्हणून ती तसं करते. मी तिच्याकडून हात पाहायला शिकले होते, पण पुरतं शिकले नव्हते.

मी सोळा वर्षांची असताना निलव्वाच्या भाचीचं लग्न ठरलं. भावाची बायको, गौरव्वा, दागिने जमवत होती. एके दिवशी निलव्वा सिद्धेश्वराला गेली असताना तिनं निलव्वाची पेटी उघडली. तळाशी, जुन्या चोळीत गुंडाळलेल्या दोन सोन्याच्या पाटल्या निघाल्या.

भिंत एकच असल्यामुळे पुढचं सगळं आम्हाला ऐकू आलं.

"वन्सं, विधवा बाईला पाटल्या कशाला? पोरीच्या लग्नाला काढाव्या असं न्हाय वाटलं?"

"माझ्या न्हाईत त्या."

"मग कुणाच्या?"

पेटीचं झाकण मिटल्याचा आवाज आला.

"म्हंजी लोक म्हंत्यात ते खरं," गौरव्वा म्हणाली. "झडतीवालीच्या पेटीत काय न्हाय ते इचारावं. आमच्या घरात असलं सोनं नको. घरात ऱ्हायचं तर पोरीच्या हातात जाऊ दे, न्हायतर कुटनं आलं ते चार माणसांत सांगा."

थोड्या वेळानं निलव्वा आमच्या दारात आली. आत आली नाही. उंबऱ्याशी उभी राहून वडिलांना म्हणाली, "मास्तर, बावीस वर्सं मी लोकाच्या पेट्या उघडल्या. माझी पेटी कुणीतरी पैल्यांदाच उघडली. येवढं वाईट लागतं हे म्हाईत नव्हतं."

मग तिनं सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी एक तरुण बाई गोव्याकडे निघाली होती. नवरा बेळगावात नुकताच वारला होता, भाऊ सावर्ड्याला खाणावळ चालवायचा, त्याच्याकडे जात होती. पाणी दिल्यावर तिचा हात कमरेकडे गेला आणि तिथं या पाटल्या सापडल्या. ती म्हणाली, "नवऱ्यानं केलेल्या आहेत. भावाच्या घरी नेल्या तर दुसऱ्या दिवशी वहिनीच्या हातात दिसतील. मी दोन महिन्यांत परत येणार आहे, बेळगावच्या दवाखान्यात काम मिळतंय. येताना घेते. तोवर ठेवा." गाडीची शिट्टी झाली होती. निलव्वानं हो-नाही करायच्या आत तिनं पाटल्या तिच्या ओच्यात टाकल्या आणि पळाली.

उतारूची वस्तू झडतीवालीनं ठेवून घ्यायची नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही, असा नियम होता. निलव्वानं ठेवली. दोन महिने गेले, वर्षं गेली. वर येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या बायकांच्या डब्यात ती बघत राहिली. एकदा सावर्ड्याच्या एका कोळिणीनं सांगितलं, हो, ती बाई तिथंच आहे, भावाच्या चुलीपुढं असते, तिला कुठं सोडत नाहीत. कुणाच्या हाती पाटल्या पाठवायच्या? पत्र लिहायचं तर ते भाऊच वाचणार. आणि स्वतः जायचं तर येताना कोण तपासणार?

"आता रोझी हाय," निलव्वा म्हणाली. "आता मला जाता येतं. चार वर्सं धीर झाला न्हाय. चार वर्सं धीर झाला न्हाय. दिवाळीची सुट्टी लागली म्हंजी ही पोर द्या मला चार दिस. तितला कागुद इंग्रजीत असतो. आन् बायकांच्या खोलीत बाप्या चालत न्हाय, न्हायतर तुमालाच म्हनले असते."

वडिलांनी विचार केला आणि म्हणाले, "मी पण येतो. धबधबा पाहीन." आई माझ्याकडे बघून म्हणाली, "इतकं कशाला? पाटल्या सुमीच्या हातात घाला. अंगावरचं सोनं कोण विचारतं?"

"कोण न्हाय इचारत," निलव्वा म्हणाली. "मला म्हाईत हाय की. म्हून तर न्हाय."

होटगीला गाडी बदलून आम्ही लहान रुळांच्या गाडीत बसलो. विजापूर, गदग, हुबळी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लोंढा. वाटेत निलव्वानं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी सोडली, आम्हाला वाढली, स्वतः थोडंच खाल्लं. लोंढ्यानंतर झाडी दाट झाली तशी ती एकेका वळणाचं नाव सांगू लागली. मग तिचं सांगणं थांबलं. कॅसलरॉक आलं.

मी तिला इतकी वर्षं ओळखत होते, पण फलाटावर उतरताना ती मला वेगळी वाटली. ताठ चालत होती. हमाल, पॉइंट्समन, पाणीवाला, सगळे "अव्वा, अव्वा" करत आले. तिनं कुणाकडे फारसं पाहिलं नाही. रांगेत उतारूंच्या मागं जाऊन उभी राहिली.

टेबलापाशी एक तरुण अधिकारी होता. निलव्वानं पाटल्या त्याच्यासमोर ठेवल्या आणि शेजारी तो दाखला. अधिकाऱ्यानं मला इंग्रजीत विचारलं, कुणाच्या? मी फॉर्मवर लिहिलं, दुसऱ्याच्या, परत द्यायला नेत आहे. तो म्हणाला, असा रकाना यात नाही. त्यांना हातात घालू द्या आणि जा. मी ते निलव्वाला सांगितलं.

"त्येला सांग, नऊ वर्सं झाली. त्यातली पाच मी ह्याच खोलीत नोकरीला व्हते. आन् त्या कागदात लिवलंय ते खरं न्हाय."

 अनोळखी माणसाशी इतकं इंग्रजी मी आयुष्यात बोलले नव्हते. तरी सगळं सांगितलं. अधिकाऱ्यानं दाखला वाचला. टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. मागच्या रांगेत कुणीतरी कुरकुरलं. शेवटी त्यानं माझ्या फॉर्मवर सही केली, शिक्का मारला आणि दाखल्याची घडी घालून परत दिली.

"यांना सांगा," तो म्हणाला, "हे लिहिणारे साहेब विलायतेला गेले. त्यांच्या अक्षरात मी दुरुस्ती करू शकत नाही."

निलव्वानं कागद कनवटीला लावला. तिचं समाधान झालं नाही, एवढं मला दिसलं.

घाटात गाडी शिरली. पुढचं इंजिन फुंकत होतं, मागचं ओढून धरत होतं, चाकांतून जळकट वास येत होता. बोगदा आला की डब्यातल्या बायका गप्प व्हायच्या, बाहेर पडलं की पुन्हा बोलायच्या. मग सगळे खिडक्यांकडे धावले. वडील टोपी हातात घेऊन उभे राहिले. धबधबा आला होता. पांढरं पाणी इतक्या जवळून कोसळत होतं की आमचे चेहरे ओले झाले. मी वळून पाहिलं. निलव्वा खिडकीकडे पाठ करून बसली होती.

"अव्वा, बघा ना!"

"आता न्हाय. येताना."

घाट संपल्यावर कुळे स्टेशनात पोर्तुगीज शिपायानं आमचा शिक्क्याचा कागद उलटा धरून वाचला आणि सोडलं. दुपारी आम्ही सावर्ड्याला उतरलो.

खाणावळ स्टेशनसमोरच होती. भाऊ दारात खुर्ची टाकून बसलेला, लठ्ठ, हसतमुख. त्याच्यासमोर बहिणीचं नाव काढायचं नव्हतं. वडिलांनी जेवण सांगितलं आणि त्याच्याशी भाताच्या भावावर बोलत बसले. बायकांना हात-पाय धुवायचे आहेत असं सांगून निलव्वा मला घेऊन मागीलदारी गेली.

तिथं तीन बायका होत्या. एक मासळी साफ करत होती, एक नारळ खवत होती, एक चुलीपुढं. तिघी विधवा, तिघींची लुगडी धुरानं सारखीच झालेली, तिघींचे हात उघडे. निलव्वा उंबऱ्यात थांबली. तिनं माझा दंड धरला, इतका घट्ट की मला लागला.

"शाईवाले," ती हळूच म्हणाली, "मला तोंड आठवत न्हाय."

तिला पाटल्या आठवत होत्या. कडेची दाबल्याची खूण, आतल्या बाजूचा सोनाराचा छाप, सगळं. बाईचा चेहरा तिनं त्या दिवशी पाहिलाच नव्हता. नाव विचारायची सोय नव्हती, भाऊ हाकेच्या अंतरावर होता. चुकीच्या बाईला एक शब्द बोललं तर तो पुढच्या दारापर्यंत जाणार.

निलव्वा पायरीवर बसली. पाय पसरून म्हणाली, "यव्वा, लई लांबनं आलो. पाणी द्या बगू. आन् तुमीबी जरा टेका." नारळवालीनं पाणी आणलं. चुलीपुढची वळून बसली. मासळीवाली हात धूत होती. निलव्वा घाटाबद्दल बोलू लागली. गाडी कशी हळू येते, कॅसलरॉकला किती खोळंबा होतो, तिथं एक झडतीची खोली आहे.  मी तिघींच्या हातांकडे पाहत होते. नारळवालीचे हात मांडीवर स्वस्थ पडले होते. मासळीवाली पदराला हात पुसत होती. चुलीपुढच्या बाईनं उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटाभोवती घातली आणि तिथं नसलेलं काहीतरी एकदा, दोनदा, गोल फिरवलं.

निलव्वानं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. "ताई, जरा हिरीवर या की. माझ्या पायावर पाणी घाला, मला वाकवत न्हाय."

विहिरीवर ती बाई पाणी घालत होती आणि निलव्वा वाकून पाय चोळत होती. पाणी घालता-घालता बाईचा हात थांबला. ती म्हणाली, "मी येणार होते."

"म्हाईत हाय की," निलव्वा म्हणाली. "हात वर कर."

बाईनं हात वर केले. निलव्वानं क्षणभरात तिच्या अंगावरून हात फिरवला, झडती घेतात तसाच, आणि पाटल्या ठेवून दिल्या. बावीस वर्षांत तिला स्वतःला जिथं कधी शोधायचं सुचलं नव्हतं अशी एक जागा तिला एका उतारूनं नंतर, हसत, सांगितली होती. तिथं ठेवल्या. ती जागा मला माहीत आहे. मी सांगणार नाही.

"बेळगावला जायचं तर अजून गाडी हाय," निलव्वा म्हणाली. "वर रोझी हाय. माझं नाव सांग."

बाईनं राहिलेलं पाणी तिच्या पायांवर ओतलं. तिनं कळशी उचलली आणि आत गेली. जाताना तिचा हात मनगटाकडे गेला नाही.

दुसऱ्या दिवशी घाट चढताना निलव्वा पहिल्यापासून खिडकीत बसली. धबधबा आला तेव्हा तिनं बघितला. बराच वेळ बघितला. मला वाटलं काही बोलेल.

"बायका सांगत व्हत्या त्यापरीस लहान हाय," ती म्हणाली. पण तिनं तोंडावरचं पाणी पुसलं नाही.

कॅसलरॉकला रोझीनं आम्हाला खोलीत घेतलं. ती निलव्वाच्या पाया पडली आणि म्हणाली, "अव्वा, तुला मी काय तपासू गो? जा बघू तशीच."

निलव्वानं दोन्ही हात वर केले. "तपास. अंबाडा आधी. आन् बोलत ऱ्हा, मी शिकवलंय तसं." रोझी चाचपडत तपासू लागली. निलव्वा तिला मधेमधे सांगत होती, हितं ऱ्हायलं, तितं ऱ्हायलं. गळ्यात तिची इष्टलिंगाची चांदीची डबी होती. तिथं रोझीचा हात थांबला. निलव्वानं ती स्वतःच उघडली, तळव्यावर धरून दाखवली आणि पुन्हा मिटली.

बाहेर येऊन ती बाकावर बसली. "काय न्हाय गावलं तिला," ती वडिलांना म्हणाली. मग कनवटीचा कागद काढून माझ्यापुढं धरला. पाटल्या निघाल्यापासून तिनं तो एकदाही वाचायला सांगितला नव्हता.

"आता वाच."

मी वाचलं. शेजारीच गाडीचं इंजिन बदलणं चाललं होतं, म्हणून मोठ्यानं वाचावं लागलं. ते वाक्य आलं तेव्हा तिचे दोन्ही हात मांडीवर होते. ते हलले नाहीत.

निलव्वा आमच्याबरोबर परत आली नाही. गौरव्वाच्या घरी आता जायचं नाही, असं तिनं सावर्ड्यालाच ठरवलं असावं. रोझीचं मूल लहान होतं, तिला घरात कुणीतरी हवंच होतं. "हितं मला भाकरीला तोटा न्हाय," ती वडिलांना म्हणाली, "मास्तर, माझ्या पेटीतली दोन लुगडी पोचम्माला द्या." त्यानंतर मी कॅसलरॉकला गेलेले नाही. दोन वर्षांनी रोझीचं इंग्रजीतलं पत्र आलं, निलव्वा वारल्याचं. त्या पत्रात शेवटी एक ओळ होती, की सावर्ड्याची एक बाई पाटल्या घालून वर आली होती आणि आता बेळगावात असते.

त्या दिवशी आमची गाडी लोंढ्याकडे निघाली तेव्हा निलव्वा त्याच बाकावर होती. डबे तिच्यासमोरून जात होते आणि तिची नजर खिडक्यांतून बाहेर आलेल्या हातांवरून सरकत होती, चेहऱ्यांवर नाही. वडिलांनी टोपी हलवली, तिकडे तिचं लक्ष गेलं नाही. मी उजवा हात बाहेर काढला. फॉर्म लिहिताना लागलेली शाई अजून बोटाला होती.

तेव्हा तिनं मान हलवली.